वाळवंटात फक्त पहिली नावं

जर्मनीत वाळवंट आहे ही माहिती मला मंदारने दिली, आणि मंदारने दिलेली माहिती मी नेहमी अर्धी करून घेते.

त्याच्या मनात खरं तर अमेरिकेतली वाळवंटं होती. लाल खडक, निवडुंग, क्षितिजापर्यंत सरळ रस्ता. फ्रँकफर्टला लागून असलेल्या एश्बॉर्नमधल्या आमच्या ऑफिसच्या कँटीनमध्ये बटाट्याचं सॅलड चिवडत तो किती वर्षं ती सहल आखत होता. कुठलं नॅशनल पार्क आधी, तंबू कुठे ठोकायचा, पाणी किती न्यायचं, सगळं ठरलेलं. शेवटी सहल निघाली ती ब्रांडेनबुर्गला. तिथे एका माळावर सोव्हिएत सैन्याने रणगाडे फिरवून फिरवून गवताची काडी शिल्लक ठेवली नव्हती. सैन्य गेलं, वाळू उरली. जर्मनांनी तिच्यातून वाट आखली, पाट्या लावल्या आणि तिला वाळवंट म्हणायला सुरुवात केली. परतीच्या वाटेवर झाक्सनमधलं खडकांचं नॅशनल पार्क. म्हणजे अमेरिकेची हौस भागलीच, वर व्हिसाही लागला नाही.

गाडीत आम्ही पाच जण होतो. मी, माझी धाकटी बहीण प्रज्ञा, मंदार, आणि पुण्याहून महिनाभरासाठी आलेली त्याची थोरली बहीण माधुरीताई आणि तिचे यजमान सुहासभाऊजी. प्रज्ञा फ्रँकफर्टमध्ये जीवशास्त्रात संशोधन करते. ती आणि मंदार दोन वर्षं एकत्र आहेत. हे ऑफिसात सगळ्यांना, इमारतीतल्या शेजाऱ्यांना आणि कोपऱ्यावरच्या तुर्की भाजीवाल्यालाही ठाऊक होतं. पुण्यात कुणालाच ठाऊक नव्हतं. प्रज्ञाला हॅम्बुर्गच्या एका संस्थेतून बोलावणं आलं होतं आणि सोमवारी तिला हो किंवा नाही कळवायचं होतं. जायचं की थांबायचं हे मंदार घरी सांगतो की नाही यावर ठरणार होतं, आणि तो या सहलीत सांगणार होता. आम्ही बहिणी सहलीला निघालो त्या एवढ्यासाठीच. वाळू बघायला मी माझी सुट्टी घालवत नाही.

एरफुर्टच्या अलीकडे एका राष्टश्टेटला (महामार्गावरच्या थांब्याला) थांबलो. पावभाजीच्या भावात मिळणारी कॉफी, आणि लाकडी बाकांवर उकडलेली अंडी सोलत बसलेली जर्मन कुटुंबं. आम्हीही डबे उघडले. मी ज्वारीच्या भाकऱ्या आणि शेंगदाण्याची चटणी आणली होती. माधुरीताईंनी दोन भाकऱ्या संपवल्या आणि तिसरीवर हात ठेवला.

"सुजाता, हाताला काय चव आहे गं तुझ्या! अहो, घ्या ना अजून. कुठली गं तुम्ही?"

"सांगलीची."

"सांगलीत कुठे?"

"गावाबाहेर," मी म्हणाले. तेवढ्यात मंदारने मला कॉफी आणायला सोबत चल म्हणून खुणावलं.

रांगेत उभं राहून त्याने आवाज खाली आणला. "एक रिक्वेस्ट आहे. ताईसमोर सध्या फक्त पहिली नावं ठेवू या. आडनावाचा विषय नको. उद्या वाळवंटातल्या टेकडीवर गेलो की मी निवांत सगळं सांगणार आहे. तिला एकदम शॉक नको."

"आमच्या आडनावाने शॉक बसतो?"

"तसं नाही गं. तू लगेच चिडतेस."

मी लगेच चिडत नाही. मी आधी समोरच्याला पूर्ण बोलू देते, मग चिडते. पण मागे बाकावर प्रज्ञा माधुरीताईंना ताक ओतून देत होती आणि तिचा चेहरा इतका आशेने फुललेला होता की मी कॉफीचे कप उचलले आणि बाकाकडे निघाले.

मुक्काम एका खेड्यातल्या फेरीनवोनुंगमध्ये (सुट्टीसाठी भाड्याने मिळणाऱ्या घरात) होता. खेडं म्हणजे एक चर्च, एक बंद पडलेलं दुकान आणि गवत कापायच्या यंत्रांचा आवाज. रस्त्यावरच्या पाट्या दोन भाषांत, जर्मन आणि तिथली जुनी सोर्बियन. दोन्ही भाषांत मिळून बोलायला माणूस नाही. घरमालकीण फ्राऊ नोआक मात्र दारातच उभ्या होत्या. सत्तरीच्या, ताठ, इस्त्रीचा एप्रन. त्यांची एक शिस्त होती. प्रत्येक खोलीच्या दारावर छोटी दगडी पाटी आणि तिच्यावर खडूने पाहुण्यांचं आडनाव. जर्मनीत बिनओळखीच्या माणसाला आडनाव हेच नाव असतं. पहिल्या नावाशी त्यांचं काही देणंघेणं नसतं. ही गोष्ट बुकिंग करताना इथे दहा वर्षं काढलेल्या मंदारच्या लक्षात आली नव्हती. जिना चढताना आली.

"मी बॅगा वर ठेवतो," म्हणत तो एकदम आमच्या पुढे पळाला. वीस किलोची बॅग घेऊन कधी लिफ्टपर्यंतही न गेलेला माणूस दोन दोन पायऱ्या चढत होता. मी आणि प्रज्ञा वर पोहोचलो तेव्हा आमच्या दारावरची पाटी ओलसर पांढरी झाली होती, आणि मंदारच्या निळ्या जॅकेटची बाही कोपरापर्यंत खडूने माखली होती.

"खोली मस्त आहे," तो म्हणाला.

प्रज्ञाने बाहीकडे पाहिलं, पाटीकडे पाहिलं, आणि बॅग आत नेली. मी दार लावून घेतलं तेव्हा ती खिडकीपाशी उभी होती.

"उद्या सांगणार आहे ना तो, अक्का," ती म्हणाली. "मग झालं."

सकाळी न्याहारीला उकडलेले बटाटे, क्वार्क (आंबट चक्क्यासारखा प्रकार) आणि वर जवसाचं तेल. आमच्याकडे जवसाची चटणी खातात. इथे तेल बटाट्यावर ओततात आणि त्याला पदार्थ म्हणतात. शेजारी काकड्यांच्या लोणच्याची बरणी, कारण त्या भागात काकडीशिवाय कुठलाही समारंभ पूर्ण होत नाही. सुहासभाऊजी मन लावून चौथी काकडी खात होते. तेवढ्यात फ्राऊ नोआक हात पुसत आल्या आणि थेट प्रज्ञासमोर उभ्या राहिल्या. आवाज असा की शेजारच्या गोठ्यातही ऐकू जावा.

"फ्राऊ काम्ब्ले!"

त्या पुढे बरंच बोलल्या, पण टेबलावर तेवढंच ऐकू आलं. माधुरीताईंचा चमचा क्वार्कमध्ये थांबला.

"काय म्हणतेय ती?" त्यांनी विचारलं.

"ब्रेड अजून हवाय का, विचारतेय," मंदार म्हणाला.

प्रज्ञा मराठीत, अगदी सावकाश म्हणाली, "त्या माफी मागतायत. आमच्या पाटीवरचं कांबळे नाव कुणीतरी पुसलं होतं. त्यांनी परत लिहिलंय, मोठ्या अक्षरात."

"कुणी पुसलं?" सुहासभाऊजींनी निरागसपणे विचारलं. मंदार बरणीवरचं लेबल वाचू लागला.

"अच्छा, कांबळे का," माधुरीताई म्हणाल्या आणि हसल्या. ते हसू मी शाळेपासून ओळखते. "आमच्या बँकेत एक कांबळे होते. इतके नीटनेटके, इतके स्वच्छ! सांगितल्याशिवाय कळायचंसुद्धा नाही."

"काय कळायचं नाही?" मी विचारलं.

"म्हणजे... छान होते गं."

वाळवंटाच्या वाटेवर सुरुवातीला पाट्याच पाट्या. वाट सोडू नका, जमिनीत अजून जुना दारूगोळा आहे. पुढे पाइनचं जंगल, मग खुरटी झुडपं, आणि मग खरंच वाळू. पांढरट, दूरवर पसरलेली, मध्ये मध्ये गवताचे पुंजके. माझ्या गावाबाहेरचा नदीकाठ उन्हाळ्यात याहून रखरखीत असतो आणि तो बघायला कुणी दोन काठ्या घेऊन येत नाही. इथे मात्र दोन काठ्या, गुडघ्यापर्यंत मोजे आणि पाठीवर पाण्याची नळी लावलेले पेन्शनर कामगिरीवर निघाल्यासारखे चालत होते. एका आजोबांनी मला थांबवून विचारलं, "तुमच्याकडे भारतात असं वाळवंट आहे का?"

"आहे एक, लहानसं," मी म्हणाले.

"गेनाऊ (बरोबर)," ते समाधानाने म्हणाले आणि काठ्या टेकत पुढे गेले.

टेकडीवर पोहोचलो. रणगाड्यांचे सराव बघायला सेनापती जिथे उभे राहायचे ती टेकडी. वर वारा चांगला होता आणि खरं सांगायचं तर दृश्यही. मी डबा उघडला. माधुरीताई म्हणाल्या, "नको गं, पोट जरा बरं नाही माझं." आणि पिशवीतून बिस्किटांचा पुडा काढला. आदल्या दिवशी तिसऱ्या भाकरीवर हात ठेवणारं पोट ते. भाऊजींनी भाकरीकडे हात नेला, बायकोकडे पाहिलं, आणि हात मागे घेऊन टोपी सारखी केली.

प्रज्ञा मंदारकडे बघत होती. मीही बघत होते. त्याने घसा खाकरला.

"ताई," तो म्हणाला.

"काय रे?"

"इथे लांडगे आहेत, माहितेय का? पोलंडमधून येतात."

पुढची पंधरा मिनिटं आम्ही लांडग्यांची माहिती ऐकली. ते काय खातात, कळपात किती असतात, माणसाला कसे घाबरतात. वाळूत एकही लांडगा दिसत नव्हता. उतरताना तो माझ्याजवळ येऊन म्हणाला, "बघितलंस? ताईला कळलं तरी ती किती नॉर्मल होती. अर्धं काम झालं."

"भाकरी नाही खाल्ली तिने."

"पोट बरं नव्हतं सुजाता. तू ना प्रत्येक गोष्टीत तेच बघतेस."

मी त्याला काहीही केलं नाही, कारण पाटीवर लिहिलं होतं की वाट सोडू नका. नाहीतर त्याला ढकलायची जागा मी हेरून ठेवली होती.

दुसऱ्या दिवशी झाक्सनमध्ये. खडक मात्र खरे निघाले. नदीवर उभे राहिलेले उंच सुळके आणि त्यांच्यामधून गेलेला दगडी पूल. अमेरिका नाही, पण मान वर करून बघावं लागतं हे खरं. बसमधून उतरलेली गर्दी पुलावर मावत नव्हती. सगळ्यांना एकाच कोपऱ्यात एकच फोटो हवा होता. आम्हीही रांगेत उभे राहिलो. आमचा नंबर आला तसं माधुरीताईंनी पदर... म्हणजे स्टोल सारखा केला, भाऊजींना एका बाजूला घेतलं, मंदारला दुसऱ्या बाजूला ओढलं, आणि फोन पुढे केला.

"प्रज्ञा, तू काढतेस का गं? घरच्यांचा एक होऊ दे."

मी मंदारकडे पाहिलं. एक वाक्य. तिलाही घे ना ताई, एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. प्रज्ञाने फोन हातात घेतला आणि ती थांबली, त्याला वेळ देत. मागच्या रांगेतली माणसं चुळबुळ करायला लागली. मंदारने बहिणीच्या खांद्यावर हात टाकला आणि कॅमेऱ्याकडे बघून हसला.

तिने दोन फोटो काढले. एक उभा, एक आडवा. चांगले आलेत का ते बघून फोन परत केला.

परतीच्या प्रवासात ती गाडीच्या शेवटच्या रांगेत माझ्याशेजारी बसली होती. पुढे मंदार गाडी चालवत होता, भाऊजी त्याच्याशेजारी, मधल्या रांगेत माधुरीताई. गाडी महामार्गावर लागली आणि सगळे स्थिरस्थावर झाले, तेव्हा प्रज्ञा पुढे वाकली.

"माधुरीताई, तुम्हाला एक सांगायचंय. मंदार आणि मी दोन वर्षं बरोबर होतो. लग्न करणार होतो. तो तुम्हाला काल टेकडीवर सांगणार होता, पण त्याला लांडगे आठवले. आता सांगण्यासारखं काही उरलेलं नाही, म्हणून मीच सांगते. मी हॅम्बुर्गला जातेय."

गाडी किंचित डाव्या लेनकडे गेली आणि परत आली.

"अगं, मग आधी सांगायचं ना," माधुरीताई म्हणाल्या. "आम्ही काही मानत नाही हो तसलं." मग थोडं थांबून, हलक्या आवाजात, "पण आईला जड गेलं असतं, एवढंच." आणि त्यांच्या खांद्यावरचं ओझं उतरलं हे मला मागूनसुद्धा दिसलं.

मंदार आरशात बघून म्हणाला, "प्रज्ञा, प्लीज. घरी गेल्यावर बोलू."

"बोल ना," ती म्हणाली. "आत्ता बोल. सगळे आहेत."

त्याने वेग कमी केला, उजवीकडच्या बसच्या मागे गाडी घातली आणि फ्रँकफर्टपर्यंत तिथेच ठेवली. भाऊजींनी मधेच एकदा मागे वळून, बायकोकडे न बघता, "पोरी, पाणी हवंय का?" असं विचारलं. त्या सबंध सहलीत त्यांच्या घरातून माझ्या बहिणीला मिळालेली माणुसकी ती तेवढी.

मंदार एश्बॉर्नपर्यंत सोडतो म्हणत असताना आम्ही फ्रँकफर्टलाच उतरलो आणि एस-बान (लोकल) धरली. आता लोक मला विचारतात, कसं आहे जर्मन वाळवंट, जाण्यासारखं आहे का? मी सांगते, जा, वाट सोडू नका, खाणं घरून न्या, आणि सोबत कोण आहे ते आधी नीट बघून घ्या. मंदारचं आडनाव मात्र मी या सगळ्यात कुठेही लिहिलेलं नाही. तो अजून माझ्या ऑफिसात आहे, आणि त्याच्या घरच्यांना शॉक बसू नये.

त्या एस-बानमध्ये रविवारची गर्दी होती. उन्हाने भाजलेली पोरं, सायकली, एक कुत्रा. बाहेर अजून लख्ख उजेड होता. प्रज्ञाने फोनवर हॅम्बुर्गला दोन ओळी लिहिल्या, पाठवल्या, फोन बॅगेत टाकला आणि मग समोरच्या सायकलवाल्याची पर्वा न करता रडायला लागली. लहानपणी रडायची तशी, तोंड उघडं टाकून.

"अक्का," ती म्हणाली, "त्याच्याबद्दल काहीतरी वाईट बोल ना. तुला जमतं."

दोन दिवस मी दुसरं काहीच केलं नव्हतं. त्याच्या बाहीवर, लांडग्यांवर, त्याच्या हसण्यावर माझ्याजवळ बोलण्यासारखं ढीगभर होतं. मी तोंड उघडलं, आणि मला एक शब्द सुचला नाही.