तीन बागांमधली परीक्षा

बाबांना मी बागा दाखवायला नेलं, असं मी सगळ्यांना सांगितलं. खरं तर मी त्यांची परीक्षा घ्यायला नेलं होतं, आणि हे फक्त मला आणि पुण्यातल्या दादाला माहीत होतं.

आई गेल्यापासून बाबा पुण्यात त्यांच्या फ्लॅटमध्ये एकटे राहतात. दादा दोन चौक सोडून. दिवाळीनंतर दादाचे फोन सुरू झाले. बाबा विसरतात. सांगितलेलं लक्षात राहत नाही. काही विचारलं तर भलतंच बोलतात, नाहीतर नुसते हसतात. एकदा कुकर लावून पेपर वाचत बसले, शिट्ट्यांवर शिट्ट्या झाल्या, शेवटी समोरच्या काकूंनी येऊन गॅस बंद केला. दादा घाबरला, आणि घाबरला की तो लगेच व्यवस्था करायला लागतो. त्याने गावाबाहेरचा एक वृद्धाश्रम पाहून ठेवला. विसरणाऱ्या म्हाताऱ्यांसाठी तिथे वेगळा मजला होता, बाहेरून कडी असलेला. एक खोली रिकामी होणार होती.

"तू डॉक्टर आहेस," तो मला म्हणाला. "तुझ्याकडे ठेवून नीट बघ आणि हो की नाही तेवढं सांग. तू हो म्हणालीस की मी खोली घेतो."

मी ग्लासगोच्या एका हॉस्पिटलमध्ये वृद्धांच्या वॉर्डात काम करते. लोकांच्या आईवडिलांची स्मरणशक्ती तपासणं हा माझा रोजचा धंदा. त्यामुळे या कामाला माझ्याइतकं लायक दुसरं कोण, असं दादाला वाटलं. मलाही वाटलं, उगाच खोटं कशाला बोलू.

बाबा मे महिन्यात आले. विमानतळावर कानटोपी घालून उतरले ती त्यांनी काढलीच नाही. घरात कानटोपी, बाहेर कानटोपीवर मफलर. ग्लासगोची माणसं अर्ध्या चड्डीत आइस्क्रीम खात फिरत होती आणि आमचे बाबा हिमालयात निघाल्यासारखे. "इथला वारा वाईट," एवढंच म्हणायचे. मी म्हटलं, घाला बापडे. तीन आठवडे माझ्या ड्युट्या चालू होत्या, नवऱ्याच्या वेगळ्या, त्यामुळे बाबांकडे धड बघायला वेळच झाला नाही. जे दिसलं ते दादाने सांगितल्यासारखंच होतं. दादाशी फोनवर बोलताना आम्ही वृद्धाश्रमाचं सगळं त्यांच्यासमोरच बोलायचो. फोन स्पीकरवर, बाबा समोर चहा पीत. त्यांना कळतंय कुठे, असं धरूनच चाललो होतो आम्ही.

मग मी चार दिवसांची रजा काढली आणि त्यांना घेऊन दक्षिणेला, इंग्लंडच्या सीमेलगतच्या बॉर्डर्स भागात गेले. नवरा ऑन-कॉल होता, ते बरंच झालं. तिकडे गाडीने अर्ध्या-पाऊण तासाच्या अंतरावर जुन्या जहागीरदारांची घरं आणि बागा आहेत. आम्ही उतरलो ते एका चौरस्त्यावरचं इन होतं. खाली पब, वर पाच खोल्या, जिना इतका अरुंद की बॅग आडवी धरली तर अडकायची. मालकीणबाई रोज सकाळी बाबांना विचारायची, झोप लागली का, आणि बाबा रोज म्हणायचे, "व्हेरी नाइस." तिला ते फार आवडायचे. ती काहीही विचारो, उत्तर तेच यायचं.

पहिल्या दिवशीचं घर तळ्याकाठी होतं. या घरांमधून प्रत्येक खोलीत एक स्वयंसेवक उभा असतो, बहुतेक निवृत्त शिक्षक वगैरे, आणि तो आपल्याला त्या खोलीची गोष्ट सांगितल्याशिवाय सोडत नाही. जुन्या खुर्च्यांवर कुणी बसू नये म्हणून त्यांना दोरी बांधत नाहीत, 'बसू नका' असं लिहीत नाहीत. खुर्चीवर एक वाळलेलं काटेरी बोंड ठेवतात. समजणाऱ्याने समजायचं. मला ही पद्धत डोक्यात जाते. सरळ सांगा ना. तिथल्या बाईंनी बाबांना हे बोंडाचं प्रकरण हसत हसत समजावलं, बाबांनी मान डोलावली, आणि पुढच्याच खोलीत जाऊन त्यांनी बोंड उचललं, खिशात टाकलं आणि त्या दोन-अडीचशे वर्षं जुन्या खुर्चीवर बसून बुटाची नाडी बांधली. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. पण लाजेपेक्षा भीतीच जास्त वाटली. आत्ता सांगितलेलं आत्ता विसरले.

संध्याकाळी पबमध्ये सूप पिता पिता मी विचारलं, "बाबा, त्या निळ्या खोलीचं काय सांगितलं त्यांनी? ती इतकी वर्षं बंद का होती?"

बाबा हसले. "बाग मात्र छान होती," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी रीतसर परीक्षा घेतली. आमच्याकडे पेशंटला तीन शब्द सांगतात आणि थोड्या वेळाने परत विचारतात. गाडी चालवता चालवता, डोळे रस्त्यावर ठेवून मी म्हटलं, "बाबा, हे तीन शब्द लक्षात ठेवा. आंबा, किल्ली, पूल." ते म्हणाले, "बरं." दुसरं घर पाहून झालं, त्याची भिंतीआडची भाजीपाल्याची बाग पाहून झाली, स्कोन आणि चहा झाला. मग मी त्यांच्यासमोर बसून विचारलं, "ते तीन शब्द सांगा बघू."

"कसले शब्द?"

चेहरा इतका निरागस होता की मी उठून टॉयलेटमध्ये गेले आणि हात धुवायच्या बेसिनपाशी उभी राहून रडले. वॉर्डात मी रडत नाही. लोकांच्या मुलींना टिश्यूचा डबा पुढे करते. तिथे टिश्यूही नव्हते, हात वाळवायचं घरघरणारं यंत्र होतं फक्त.

त्या संध्याकाळी इनच्या कार पार्कमधून दादाला फोन केला. "हो," म्हटलं. "खोली घे." त्याने विचारलं, बाबा जेवले का, आणि मी म्हटलं, जेवले.

तिसऱ्या दिवशी खरं तर परत निघायचंच मनात होतं. परीक्षा संपली होती, निकाल लागला होता. पण बाबा सकाळी सातलाच कानटोपी, मफलर, गळ्यात दोरीने अडकवलेला चष्मा असे तयार होऊन खाली बसलेले. त्यांचं ते उत्साहाने बसणं बघवेना, म्हणून गेलो.

त्या दिवशी घर बंद होतं, नुसती बाग उघडी. म्हणजे एकही स्वयंसेवक नाही. ठिकठिकाणी माहितीचे फलक होते तेवढे. बाबा प्रत्येक फलकापुढे उभे राहून शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचे. मी मागून चालत होते. त्या कडीच्या मजल्यावर बाबा, हे चित्र काही डोळ्यांपुढून जात नव्हतं.

एका पाण्याच्या चरापाशी ते थांबले. बाबांनी उभी हयात पाटबंधारे खात्यात काढली आहे. "इकडे ये," म्हणाले. "हे पाणी वरच्या ओढ्यातून आणलंय. उतार बघ किती कमी राखलाय. हे काम सोपं नाही." मी हं म्हटलं. ते पुढे बोलतच राहिले. "परवाचं तळं हाताने खणलेलं होतं, मातीचा बांध घालून. काल त्या भाजीपाल्याच्या भिंतीत आतून धुराचे नळ फिरवले होते, फळझाडांना ऊब मिळावी म्हणून. पण कोळसा कुठून आणायचे ते त्या फलकावर लिहिलंच नव्हतं. अर्धवट काम."

मी जागच्या जागी थांबले. परवा कोणतं, काल कोणतं, कुठे काय, सगळं बरोबर. मी स्वतः ते फलक वाचलेही नव्हते. मोठ्याने विचारलं, "आणि बाबा, काल त्या घरातल्या बाईंनी जिन्यातल्या घड्याळाचं काय सांगितलं?"

बाबा माझ्याकडे बघून हसले. तेच हसू.

वाचलेलं सगळं लक्षात होतं. सांगितलेलं काहीच नव्हतं.

माझ्याकडे नव्याने येणाऱ्या ज्युनियर डॉक्टरांना मी पहिल्याच दिवशी शिकवते, आधी कान बघा, मग डोकं. पेशंटच्या मागे उभं राहा, हळू आवाजात काहीतरी बोला, त्याला ऐकू येतंय का बघा आणि मगच स्मरणशक्तीचे प्रश्न काढा. न विसरता करा, असं दरडावून सांगते. मी बाबांच्या मागे गेले. ते बाकावर बसले होते.

"बाबा, भजी खाणार का?" हळू म्हटलं. काही नाही.

जरा मोठ्याने म्हटलं. काही नाही.

"बाबा, मी तुमचा फ्लॅट विकतेय." समोर एक पक्षी गवतात टोचत होता, बाबा त्याच्याकडे कौतुकाने बघत होते.

मी पुढे येऊन त्यांची कानटोपी ओढून काढली. ते "अगं, वारा" म्हणाले, पण मी मोबाइलचा टॉर्च लावून कानात डोकावले. आत काळपट, तेलकट, गच्च बसलेला कापूस. दुसऱ्या कानातही तेच.

"हे काय आहे?" मी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडले. लांबून एक जोडपं वळून बघायला लागलं.

"दिवाळीत थंडीने कान ठणकत होता. लसणीचं तेल गरम करून घालतो आणि कापूस लावतो. तुझी आई तसंच करायची."

"आणि काढत नाही का तो?"

बाबांनी विचार केला. "वरचा काढतो," म्हणाले.

म्हणजे जुन्यावर नवा, नव्यावर आणखी नवा. कुकरच्या शिट्ट्या त्यांच्यापर्यंत पोचल्याच नव्हत्या. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा. डॉक्टर लेक, वृद्धांची तज्ज्ञ, आणि तीन आठवड्यांत एकदाही बापाची टोपी उचलून बघितली नाही. मी बाकावर बसले आणि हसायला लागले, आणि हसता हसता कधी रडायला लागले ते कळलं नाही. जीव भांड्यात पडणं म्हणजे काय ते मला त्या बाकावर कळलं. बाबा माझ्या पाठीवर थोपटत होते.

"ऐकू येत नव्हतं तर बोलला का नाहीत?" मी पुन्हा कानात ओरडले.

"ऐकू येत नाही असं मला वाटलंच नाही," ते म्हणाले. "वाटलं, लोक बोलतात ते मला आता समजत नाही. डोकं चाललं. तुम्हाला कळू नये म्हणून हो हो म्हणत होतो."

सहा महिने. सहा महिने त्यांनी हे एकट्याने सांभाळलं होतं आणि आम्ही त्यांच्यासमोर बसून खोलीच्या चौकश्या करत होतो.

जवळच्या गावात एका केमिस्टच्या काचेवर कान साफ करून मिळतील असा बोर्ड होता. ही पाटी मी गेले दोन दिवस जाता-येता बघत होते. आतल्या मुलीने आधी कॅमेऱ्याने नीट तपासलं, मग एक बारीक नळी लावून हळूहळू कापूस आणि मळ ओढून काढला. ट्रेमध्ये जे जमलं ते बघून तिच्या भुवया वर गेल्या. कानाचे पडदे शाबूत होते. वयामुळे थोडं कमी ऐकू येणारच, पुढे मशीन लागेल, असं तिने सांगितलं.

"बाबा, कसं वाटतंय?" मी सवयीने ओरडले.

"ओरडतेस काय अशी?" बाबा म्हणाले. "लोक काय म्हणतील."

गाडीत बसल्यावर मी अगदी साध्या आवाजात म्हटलं, "तीन शब्द सांगते. विहीर, छत्री, पोस्ट." बाबांनी ते लगेच म्हणून दाखवले, वर विचारलं, हा काय पोरखेळ. इनपर्यंतच्या रस्त्यावर त्यांनी मला इंडिकेटरचा आवाज येतो म्हणून सांगितलं, मेंढ्या ओरडतात म्हणून सांगितलं, आणि माझ्या गाडीच्या पुढच्या चाकातून काहीतरी खरखरतंय, दाखवून घे म्हणून सांगितलं. मी रडत, हसत, हो हो म्हणत गाडी चालवत होते.

दादाला इनवर पोचल्यावर निवांत सांगू, असं ठरवलं होतं. त्याआधीच त्याचा फोन आला. गाडीत फोन आपोआप स्पीकरवर लागतो, आणि माझ्या काही लक्षात येईपर्यंत तो बोलायला लागला होता. आवाज बसलेला होता, बहुधा तोही रडून आला होता.

"खोली नक्की केली," तो म्हणाला. "पहिल्या तारखेपासून. आता बाबांना हे कुणी सांगायचं, तू की मी?"

मी हळूच बाजूला बघितलं. कानटोपी मांडीवर ठेवून बाबा समोरच्या रस्त्याकडे बघत होते.

"कुणीच नको," बाबा म्हणाले. "मला ऐकू आलं."

मग दादाचा आवाज आला, लहानपणी काच फोडल्यावर यायचा तसा. "बाबा?"

"हो, मीच. खोली सोडून दे, बाळा," बाबा म्हणाले. "आणि आता तू जेव. तिकडे उशीर झाला असेल."