मीटरसाहेबांचे दोन लिटर

मीटरसाहेबांना गाडीतलं काही कळत नाही, हे गल्लीतल्या मांजरांनाही ठाऊक होतं. ठाऊक नसलेला माणूस एकच, आणि दुर्दैव असं की गाडीची किल्ली त्याच्याच खिशात असे.

पाणीपुरवठ्याच्या कचेरीत त्यांनी चौतीस वर्षं लोकांच्या घरचे मीटर वाचले. वाचले म्हणजे काय, तर झाकण उघडायचं, आकडा बघायचा, वहीत टिपायचा, झाकण लावायचं. एवढ्या भांडवलावर निवृत्तीनंतर हा गृहस्थ डॉक्टरला औषध, गवंड्याला ओळंबा आणि शेजारणीला तिच्याच सुनेचा स्वभाव समजावून सांगायचा. बायको हे एकतीस वर्षं ऐकत आली होती. पहिल्यांदा तिला कौतुक वाटलं, मग राग आला, मग कंटाळा. आता नुसती करमणूक उरली होती, आणि तीही रोज तीच.

त्या रविवारी मात्र तिला हसू सुचत नव्हतं. लेकीला नोकरी लागली होती. डोंगरावरच्या सरकारी रुग्णालयात, रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत. तीन वर्षं पोरीनं त्यासाठी डोळे फोडले होते. पत्रात स्वच्छ लिहिलं होतं : सोमवारी सकाळी अकराच्या आत हजर व्हा, नाहीतर यादीतल्या पुढच्या उमेदवाराला बोलावू. डोंगरावर जाणारी बस पोचायची दुपारी दीडला. म्हणजे भिस्त सगळी घरच्या गाडीवर.

समोरच्या गॅरेजवाल्यानं आपणहून सांगितलं होतं, "काका, घाट चढायचाय. इंजिन थंड ठेवणारं कूलंट गंजून चहाच्या रंगाचं झालंय. गाडी आणा, तासाभरात बदलून देतो."

साहेबांनी सल्ला तेवढा घेतला आणि माणूस टाकला.

"त्या पान्याला माझी गाडी देऊ?" ते घरात येऊन म्हणाले. गॅरेजवाल्याला ते पान्या म्हणत, आणि आपण फार विनोदी आहोत असं समजत. "आठवी नापास माणूस! जुनं पाणी सोडायचं, नवीन भरायचं. अख्खी हयात काय केलं मी?"

"आकडे टिपले," बायको पुटपुटली.

"काय म्हणालीस?"

"म्हटलं, सदरा तरी जुना घाला."

सदरा नवाच राहिला. गाडी थंड होती. साहेब तिच्याखाली उताणे शिरले, बायकोनं कपडे धुवायचा टब पुढे सरकवला, आणि रेडिएटरचा खालचा पाईप निघाल्याबरोबर पहिला गढूळ लोंढा टबाऐवजी साहेबांच्या बाहीत गेला. मग रबरी नळी लावून वरून पाणी सोडलं. खालून स्वच्छ पाणी येईपर्यंत अर्धा तास ते तिथं कमरेवर हात ठेवून उभे. खोटं कशाला बोला, इथवर सगळं बिनचूक झालं. वाहतं पाणी बघत उभं राहण्याची सवय होतीच.

"हे टबातलं झाडांना घाल," त्यांनी फर्मावलं.

"विषारी असतं ते, बाबा. गोडसर लागतं म्हणून कुत्री-मांजरं चाटतात आणि मरतात," लेक म्हणाली.

"मग कुंपणाबाहेर ओत."

बायकोनं ते डब्यात भरलं, घट्ट झाकण लावलं आणि गॅरेजवाल्याच्या जुन्या तेलाच्या पिंपाशेजारी नेऊन ठेवलं.

मग भरणी. पाईप बसला, आवळला. पाच लिटरचा कॅन, हिरवंगार तयार कूलंट, नरसाळं, आणि भोवती मायलेकी मिळून प्रेक्षक. साहेब ओतू लागले. तीन लिटर गेलं आणि रेडिएटर काठोकाठ भरला. कॅनमध्ये दोन लिटर शिल्लक.

"बाबा, गाडीच्या पुस्तिकेत पाच लिहिलंय."

साहेबांचा चेहरा असा उजळला की सांगता सोय नाही. "बघितलंस? चोर आहेत चोर! दोन लिटर जास्त लिहायचं आणि गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारायचं. मला लिटर शिकवतात!"

त्यांनी खिशातलं पेन काढलं, पुस्तिकेतला पाचाचा आकडा खोडला, वर तीन लिहिलं, आणि खाली तारखेसकट सही ठोकली.

लेकीनं पान उलटलं. "पुढे अजून आहे. झाकण उघडं ठेवून इंजिन चालू करा, हीटर पूर्ण सोडा, बुडबुडे थांबेपर्यंत..."

"ते अडाण्यांसाठी असतं." साहेबांनी झाकण फिरवलं. "आता कुणी हात लावायचा नाही. रात्रभर मुरू दे."

कूलंट मुरतं, हा शोध त्यांनी तिथल्या तिथं लावला. उरलेला कॅन कंपाउंडच्या भिंतीवर पुरावा म्हणून मांडला, आंघोळ केली, आणि संध्याकाळी कोपऱ्यावरच्या बाकावर कंपनीची लबाडी जगाला सांगायला निघून गेले.

ते वळणावर दिसेनासे झाले तसा गॅरेजवाला हात पुसत रस्ता ओलांडून आला.

"काकू, कॅनमध्ये उरलं किती?"

"दोन लिटर."

"म्हणजे आत दोन लिटर हवा आहे." त्यानं बॉनेटवर बोट टेकवलं. "इंजिनात एक झडप असते. गरम झाल्याशिवाय ती उघडत नाही. काकांनी थंड गाडीत ओतलं, ते रेडिएटरमध्येच अडकलं. मागं नुसता वारा. उद्या घाटात तिसऱ्या वळणाला उकळेल गाडी. इंजिनाचं हेड गेलं तर मग गाडी महिनाभर माझ्याकडेच."

लेकीचा चेहरा पांढराफटक पडला. "मी बाबांना सांगते."

"नको गं बाई," आई म्हणाली. "पान्यानं सांगितलं म्हटल्यावर ते तीनही लिटर परत उपसून ठेवतील. आणि रुसले तर संपलंच. तुझ्या मावशीच्या लग्नात आचाऱ्यानं यांचा सल्ला ऐकला नाही म्हणून हा माणूस रिकाम्या पिंपावर तीन तास बसला होता. वरात यांच्यासाठी थांबली. उद्या कोण थांबणार आहे तुझ्यासाठी?"

कपाटातून तिनं जादा किल्ली आणली. गॅरेजसमोरच्या चढावर गाडी नाक वर करून लावली. झाकण काढलं, लेकीनं इंजिन चालू केलं, हीटर शेवटपर्यंत सोडला. खिडकीतून हात घालून आईनं वारं बघितलं : थंडगार.

"थंडच यायला हवं आत्ता," गॅरेजवाला म्हणाला. "आतवर पाणीच नाही तर गरम काय होणार?"

पंधरा मिनिटं नुसती घरघर. आईचं एक लक्ष रेडिएटरवर, एक वळणावर. मग गुडगुड झालं, एक मोठा बुडबुडा फुटला, आणि भरलेला रेडिएटर डोळ्यांदेखत रिकामा होत गेला.

"ओता काकू!"

तिनं ओतलं. गॅरेजवाला पाईप दाबत होता, सोडत होता. आतून ढेकर येत होते. अर्धा लिटर गेलं, लिटर गेलं, दोन्ही गेलं. हीटरचं वारं कढत झालं. लेकीला घाम फुटला, तरी ती हसत होती.

"नवऱ्यापेक्षा हीच गाडी बरी," आई म्हणाली. "निदान आतली हवा निघते तरी."

गाडी जागेवर गेली, किल्ली कपाटात. घाईत एक चूक झाली : रिकामा कॅन तसाच भिंतीवर गेला.

सोमवारी सकाळी सात वाजता बॅगा गाडीत चढत असताना, दूधवाल्याला पुरावा दाखवायला साहेबांनी कॅन उचलला. तो हलका लागला. उलटा केला. थेंबही नाही.

"चोरी!" साहेब ओरडले, आणि सरळ समोर बोट रोखलं. "ए पान्या! समोर बसून डोळा ठेवून होतास ना? दोन लिटर उचललंस माझं!"

दूधवाला थांबला. वरच्या खिडक्या उघडल्या. लेक एक पाऊल पुढे झाली, तिचं तोंड उघडलंही. पण आईनं तिचं मनगट धरलं. सव्वासात. घाट. अकरा. पोरीचे डोळे भरून आले. आईलाही शरम वाटली, पण तिनं पकड सोडली नाही.

गॅरेजवाल्यानं बॅगांकडे बघितलं, मग पोरीकडे.

"असेल काका कुणी नेलं," तो म्हणाला. "ताईला उशीर होतोय. निघा तुम्ही."

"बघा! तोंड वर करून बोलत नाही," साहेब दूधवाल्याला म्हणाले आणि ऐटीत गाडीत बसले.

घाटभर इंजिनाच्या तापमानाचा काटा मधोमध होता. तिसरं वळण गेलं, सातवं गेलं. साहेब दर वळणाला काट्यावर टिचकी मारत आणि म्हणत, "तीन लिटर! फक्त तीन लिटर!" मागच्या सीटवर मायलेकी खिडकीबाहेर बघत होत्या.

दहा वाजून वीस मिनिटांनी लेकीनं हजेरीपटावर सही केली. बाहेर आली. आईच्या पाया पडली, आणि बापासमोर ताठ उभी राहिली.

"बाबा, ते दोन लिटर तुमच्या गाडीत आहेत. काल तुम्ही बाकावर होता तेव्हा आम्ही घातले. त्यांनी शिकवलं म्हणून मी आज इथं आहे. घरी गेलात की आधी त्यांची माफी मागा. नाही मागितलीत तर मला फोन करू नका."

साहेब गाडीत बसले, हीटरची कळ फिरवली, परत बंद केली. परतीच्या तीन तासांत ते चकार शब्द बोलले नाहीत. बायकोला क्षणभर वाटलं, लागलं वाटतं मनाला. एकतीस वर्षांत असं पहिल्यांदाच होत होतं. तिनं पाण्याची बाटलीसुद्धा पुढे केली.

गल्लीत गाडी थांबली. साहेब उतरले ते सरळ गॅरेजकडे निघाले. तीही मागोमाग गेली, हे बघायचंच होतं. दूधवाला नव्हता, पण खिडक्या होत्या. गॅरेजवाला एका टेंपोखाली होता, फक्त पाय बाहेर.

साहेब त्या पायांसमोर उभे राहिले. खाकरले.

"हे बघ," ते म्हणाले. "हवा मी मुद्दाम ठेवली होती. पोरगी डोंगरावर एकटी राहणार. तिला काही कळतं का, हे बघायचं होतं. परीक्षा घेतली मी तिची."

टेंपोखाली चाललेली पान्याची खटखट थांबली. पाय मात्र हलले नाहीत.

"बरं काका," आतून आवाज आला.

साहेब समाधानानं वळले. वर बघून, खिडक्यांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाले, "झालं. मिटवलं मी."

बायकोनं पदर खोचला. "या घरी, परीक्षक," ती त्याहून मोठ्यानं म्हणाली. "पोरगी पास झाली. तुमचा निकाल मी तिला फोनवर कळवते."