जीभ ताळवे लगाडो

वडिलांचे वरचे पुढचे दोन दात हलत होते. आम्ही राहतो त्या भेस्तानमधल्या दातांच्या डॉक्टरांनी सांगितलं, मुळं शाबूत असतील तर दात वाचवू, नाहीतर काढून कवळी. आधी पूर्ण जबड्याचा एक्स-रे आणा.

वडिलांना कवळी नको होती. प्रश्न दिसण्याचा नव्हता. ते काम करत त्या यंत्रमागाच्या कारखान्यात, म्हणजे इथल्या भाषेत लूमच्या खात्यात, इतका आवाज असतो की माणसं एकमेकांचं बोलणं ओठांवरून ओळखतात. शेजारच्या कारागिराने कवळी बसवली आणि त्याचे ओठ वेगळे हलू लागले. त्याने सुताची बॉबिन मागितली की चहा यायचा.

"मना असा हाल नको व्हवाले," वडील म्हणाले.

एक्स-रे केंद्रात फोटो काढताना उभं राहून यंत्रावर हनुवटी टेकवायची, प्लास्टिकची काडी पुढच्या दातांत हलकेच धरायची आणि यंत्र डोक्याभोवती फिरेपर्यंत हलायचं नाही, असा नियम होता. यंत्र चालवणारी मुलगी गुजराती होती. तोंडाला मास्क.

यंत्र सुरू झालं तशी वडिलांची मान त्याच्यामागे फिरली. पडद्यावर जबडा पाण्यात बुडाल्यासारखा वेडावाकडा आला.

"काका, मशीन को नहीं देखना है."

"मग कोण पाहील?" वडिलांनी विचारलं. चालत्या यंत्रावरून नजर काढायची नाही, हे ते उभी हयात इतरांना शिकवत आले होते.

दुसऱ्या वेळी मान हलली नाही. पण वरच्या दातांच्या मुळांवर आडवा काळा पट्टा आला. जीभ खाली राहिली की तिच्यावरची पोकळी अशी काळी उमटते. नेमकं जे पाहायचं होतं तेच झाकलं गेलं.

मुलगी आत आली. "काका, जीभ को..." पुढचा हिंदी शब्द तिला सापडला नाही. "जीभ ताळवे लगाडो."

ताळवुं म्हणजे गुजरातीत तोंडातलं वरचं छत. वडिलांनी 'तळवे' ऐकलं. त्यांनी दोन्ही हात उलटेपालटे करून पाहिले.

"हात धुयेल नहीत," ते दाराशी उभ्या असलेल्या मला म्हणाले. तरी सांगितलेलं करायचं म्हणून त्यांनी उजव्या तळव्याला जीभ टेकवली आणि तशाच अवस्थेत यंत्रात डोकं घातलं.

"आ शुं करो छो, काका?"

"तूच सांगितलं ना, बेटा."

"बाबा, तळव्याला नाही, टाळूला," मी म्हणालो.

त्यांनी डोक्याच्या मधोमध हात ठेवला आणि माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. "तिचं एक वेळ ठीक आहे. तू तरी शुद्धीवर आहेस ना?"

मुलीने मास्क खाली ओढला, आ वासला आणि जीभ वर चिकटवून दाखवली. वडिलांनी तिच्या तोंडाकडे नीट पाहिलं.

"मग असं बोल ना," ते म्हणाले. ती एक शब्दही बोलली नव्हती.

तिसरा फोटो स्वच्छ आला. संध्याकाळी डॉक्टरांनी तो उजेडासमोर धरला. वडील खुर्चीच्या कडेला बसले होते, ओठ घट्ट मिटून.

"पुढचे दोन्ही राहतील," डॉक्टर म्हणाले. "मुळं चांगली आहेत, हिरड्यांवर उपचार करू. मागची अक्कलदाढ मात्र पार किडली आहे. काढावी लागेल."

"काढा," वडील म्हणाले. "ती कुठं बोलते."