नुसती बॉडी

पेपरच्या साहेबानं सरळच सांगितलं, "चाचा, अब रोल नहीं चलेगा." रोल धुवा, प्रिंट काढा, ऑफिसात नेऊन द्या, तोपर्यंत दुसरा पेपर फोटो छापून मोकळा. बायांच्या हॉकीची टूर्नामेंट तोंडावर आली होती. तिच्या पहिल्या मॅचपर्यंत माझ्या हातात डिजिटल कॅमेरा नसला, तर गोलपोस्टमागची माझी जागा दुसऱ्याला जाणार होती.

ती जागा मी कोणाला देणार नव्हतो. चौथी शिकलेला माणूस आहे मी. बाप भंडाऱ्याकडून जबलपूरला कारखान्यात लागला तेव्हा हे सगळं एकच राज्य होतं. मग राज्यं वेगळी झाली, नागपूर तिकडं गेलं, आम्ही इकडं राहिलो. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर हिंदी. वाचायला मी खरं शिकलो ते मोठेपणी, आपल्या फोटोखाली पेपरवाल्यानं काय लिहिलं ते पाहता पाहता. कुस्ती, कबड्डी, हॉकी, जे मैदानात झालं ते मी काढलं. कोणाच्या शिफारशीनं मला ती जागा मिळाली नव्हती.

आणि आमचा मुलगा त्याच ग्राउंडवर गोलकीपर होता. तो जाळीच्या पुढं, मी मागं. म्हणून माझ्याजवळ त्याच्या पाठीचेच फोटो जास्त आहेत. नोकरीसाठी नागपूरला गेला आणि तिथं त्याला ट्रकनं उडवलं. फोन आला तो बायकोनं उचलला. कोणीतरी मित्र होता, घाबरलेला. "काकू, बॉडी निघाली, सकाळपर्यंत पोचते." एवढंच बोलला. नाव नाही घेतलं. ज्याचं नाव आम्ही ठेवलं होतं तो एका फोनमध्ये बॉडी झाला.

तेव्हापासून तो शब्द आमच्या घरात नाही. टीव्हीवर बातम्यांत आला तर ती उठून टीव्ही बंद करते. ग्राउंडवर जाऊ नका असं ती मला कधी म्हणाली नाही. मी बॅग खांद्यावर टाकली की आतल्या खोलीत जाऊन बसायची, आणि मी परत येईपर्यंत अन्नाला हात लावायची नाही. तरी मी गेलो. नाही जाऊन काय करणार होतो?

माझी लांब लेन्स जुनी होती, पण धडधाकट. म्हणून मला लेन्स सोडून बाकीचा कॅमेरा पाहिजे होता. धंद्यात त्याला बॉडी म्हणतात. दुकानदारानं पहिल्याच दिवशी विचारलं, "सिर्फ बॉडी लेंगे चाचा?" मी मान हलवली. शब्द तोंडातून काढला नाही.

त्यानं एक नवी कोरी काढली. हलकी, चकचकीत. "मेगापिक्सल देखो चाचा, मेगापिक्सल!"

"चाटूँ क्या मेगापिक्सल?" मी म्हटलं. "तेरी चाबी दे. अब ऊपर उछाल."

त्यानं किल्ल्यांचा जुडगा वर फेकला, मी बटण दाबलं. फोटोत त्याचा हात आला, मागची भिंत आली, किल्ल्या नाही आल्या. त्या तोपर्यंत खाली पडल्या होत्या. मी दाबलं तेव्हा आणि कॅमेऱ्यानं फोटो घेतला तेव्हा, याच्या मधात एक श्वास जात होता. पुन्हा केलं, पुन्हा तेच. वरून चष्मा लावून आत पाहिलं तर चौकटीचे कोपरेच दिसत नव्हते.

"चाबी का फोटो छपेगा क्या पेपर में?" तो हसला.

"वो चाबी नहीं है, बॉल है."

मग त्यानं कपाटातून एक वापरलेली काढली. जड, कडेनं रंग उडालेली. मेगापिक्सल नवीपेक्षा कमी होते. पण चष्म्यासकट चारही कोपरे दिसले, आणि दाबलं की लगेच खटखट घेत होती. किल्ल्या अर्ध्याच आल्या, हललेल्या आल्या, पण हवेत आल्या. मी म्हटलं, हीच. तर ती आधीच विकली गेलेली.

"ऐसी ही नागपुर से मँगा दूँ?"

मी किल्ल्यांचा जुडगा उचलून त्याच्यापुढं ठेवला. मग म्हटलं, मँगा दे. घरचा फोन नंबर देऊन आलो.

घरी सांगितलं नाही. मी कोणाला विचारून धंदा केला नाही. आणि या वेळी तर कोणता शब्द वापरून सांगावं हेच सुचेना.

त्यानंतर एका दुपारी मी नर्मदेवर ग्वारीघाटला गेलो होतो, एका नावाड्याच्या मुलीच्या सगाईचे फोटो काढायला. परत आलो तर घराचं दार सताड उघडं. पुढच्या खोलीतली खाट भिंतीला उभी लावलेली. गादी गुंडाळून कोपऱ्यात. फरशी पुसलेली, अजून ओली. मधोमध धुतलेली पांढरी चादर घडी घालून ठेवलेली. ही भिंतीशी बसली होती, डोक्यावर पदर.

ही खोली अशी एकदाच झाली होती.

"कोण येऊन राहिलं?" मी विचारलं.

"मला काहून विचारता? तुम्हालाच माहीत असंल." तिचा आवाज अगदी सपाट होता. "फोन आला होता. चाचाजी को बता देना, नागपुर से बॉडी आ गई."

आमची पोरगी नागपूरला दिलेली आहे.

"पोरीला फोन लावला?"

"नाही."

"काहून?"

"लावला असता, आणि तिच्या नवऱ्यानं उचलला असता तर?"

मी त्या ओल्या फरशीवर बसलो. "अगं, कॅमेऱ्याची," म्हटलं. "कॅमेऱ्याची बॉडी. दुकानवाला होता तो. मी मागवली." ती माझ्याकडं पाहत राहिली. मी तिला समजावण्यासाठी बोलून राहिलो असं तिला वाटत होतं, ते मला दिसत होतं. मी उठून फोन लावला आणि रिसीव्हर तिच्या कानाला धरला.

"हॅलो? कोण?" पोरीचा आवाज मलाही ऐकू आला. "आई? बोल ना. आई, रडून काहून राहिली तू?"

"काही नाही," ही म्हणाली. "जेवली का?"

"दुपारचे चार वाजून राहिले, आई. कधीचीच जेवली."

"अच्छा," ही म्हणाली, आणि फोन ठेवला.

मी चादर उचलायला गेलो तर तिनं हातानंच थांबवलं. मग विचारलं, "कॅमेऱ्याला बॉडी काहून म्हणतेत?"

मला आयुष्यात कोणी हे विचारलं नव्हतं. "लेन्स म्हणजे डोळा," मी म्हटलं. "डोळा काढला की जे उरते, त्याला म्हणतेत."

"डोळा आहे तुमच्याजवळ?"

"आहे."

ती उठली. चादर उचलून आत ठेवली, साडी बदलून आली. मुलगा गेल्यापासून ती भाजीबाजाराच्या पुढं गेली नव्हती. "चला," म्हणाली. "तिथं पडून राहू देऊ नका तिला."

दुकानदाराला काय काय ऐकवायचं ते मी रस्त्यानं जुळवत होतो. तिनं ते ओळखलं. "त्याला काही बोलू नका. त्याला काय माहीत."

दुकानदारानं "आइए आँटीजी" म्हणून स्टूल पुसून दिलं. ती बसली नाही. बॉडी दोन्ही हातांत घेतली, वजन पाहिलं. पुढचं काळं झाकण मी काढून दिलं तर तिनं आत वाकून पाहिलं. "आरसा आहे," म्हणाली. इतकी वर्षं माझ्या घरात कॅमेरे होते, पण तिनं एकाच्याही आत कधी पाहिलं नव्हतं.

मी लेन्स लावली आणि दुकानदाराकडं हात केला. त्यानं हसून किल्ल्या काढल्या. "मी फेकते," ही म्हणाली, आणि त्याच्या हातातून घेऊन तिनं जुडगा वर उडवला, चांगला छताच्या पंख्यापर्यंत.

कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर आम्ही तिघांनी पाहिलं. किल्ल्या पूर्ण आल्या नव्हत्या, वरच्या दोन कापल्या गेल्या होत्या. पण खाली तिचा उघडा पंजा होता, आणि वर पाहणारं तिचं तोंड. तिनं तो फोटो सावकाश पाहिला. "मॅच कधी आहे?"

"रविवारी."

"उन्हात बसाल. डबा घेऊन जा. मी पण इकडं वेळेवर जेवीन."

मी दुकानदाराला खोका बांधायला सांगितलं. खोका मी घेणार होतो, तो तिनं घेतला. ऑटोत मांडीवर ठेवून दोन्ही हातांनी धरून बसली. विजय नगरच्या वळणावर ऑटोवाल्यानं चाक खड्ड्यात घातलं तशी ती पुढं वाकली.

"भैया, आराम से," ती म्हणाली. "कैमरा है."