केळ्यांच्या काट्यावर दादा

माझा दादा, हरिश्चंद्र, दर रविवारी केळ्यांच्या काट्यावर चढायचा. हसू नका! होळी गावात आमची केळीची वाडी आहे, घड तोलायचा काटा पडवीतच असतो. दोन हजार पाच साली दादा त्यावर सदतीस किलो भरला. "माझ्यापेक्षा दोन घड बरे," असं तोच म्हणाला, आणि मी तिथेच रडले.

एचआयव्ही. कुठून आला ते त्याने रुक्मिणीवहिनीला सांगितलं होतं, तिचं काय ते भांडून झालं होतं. मी सासरहून, गास गावातून, येऊन आणखी काय उकरून काढू? लागण तिलाही झाली होती. मुंबईच्या सरकारी इस्पितळात गोळ्या फुकट मिळतात असं कळलं, तशी मीच दोघांना घेऊन गेले. दादाच्या रक्तातल्या रोगाशी लढणाऱ्या पेशी छप्पन्नवर आल्या होत्या. त्याला सकाळ-संध्याकाळ गोळी सुरू झाली. वहिनीच्या चारशेच्या वर होत्या. "तुम्हाला आत्ता गरज नाही, सहा-सहा महिन्यांनी तपासा," असं डॉक्टर म्हणाले. दादाला मात्र बजावलं, "अर्धवट घेतलंत तर रोग निर्ढावेल, मग गोळी चालायची नाही."

गोळी लागू पडली. आधी ओकाऱ्या, मग भूक. मी रविवारी यायची, त्याला काट्यावर चढवायची, भिंतीवर कोळशाने आकडा लिहायची. एक्केचाळीस. शेहेचाळीस. आठ महिन्यांत बावन्न! गडी पुन्हा केळीला पाणी लावायला लागला.

मग पन्नास. पुढे सत्तेचाळीस.

"दादा, गोळ्या चुकवतोस?"

"नाही गं बाई." डबीत पाहिलं, उरलेल्या गोळ्या बरोबर होत्या.

वहिनी मेथीच्या जुड्या बांधत होती. "चुकवत नाहीत हो वन्सं. सकाळची ते घेतात, संध्याकाळची मला देतात. डॉक्टरांनीच सांगितलंय ना, दोन महिने झाले."

दादाची मान खाली गेली. माझं डोकंच फिरलं. "डॉक्टरांचं नाव कशाला घेतोस रे? खोटारड्या!"

"मीच दिली तिला," तो म्हणाला. "मी एकटा बरा होऊन काय करू?"

वहिनीच्या हातातली जुडी सुटली. "आणि मी एकटी राहून काय करणार होते? विचारलंत का कधी मला?"

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी दोघांना फैलावर घेतलं. पुन्हा दोन्ही वेळची गोळी दादालाच. अजून चालेल का, ते तीन महिन्यांनी कळेल, म्हणाले. वहिनीचा त्याच्यावरचा विश्वासच उडाला होता. गोळी गिळली की ती पुढ्यात उभी राहायची, "आ करा." तोंडात बघितल्याशिवाय सोडायची नाही. चार रविवार सत्तेचाळीसच. मी काट्याला शिव्या दिल्या. पाचव्या रविवारी अठ्ठेचाळीस! तपासणीतही पेशी वाढलेल्या निघाल्या.

दोन हजार आठमध्ये वहिनीच्या पेशी दोनशेच्या खाली आल्या, तिची स्वतःची डबी आली. पहिली गोळी हातात धरून ती नुसतीच बसून राहिली. "तेव्हा दोन महिने अर्धवट घेतली होती, आता मला नाही चालली तर?" दादाने तांब्याभर पाणी आणून दिलं. तिने गोळी गिळली आणि उठून आत निघाली.

दादाने दार अडवलं. "आ कर," म्हणाला.