अनवाणी चालायचं लॉन

"मॅडम, पंप भरून तयार आहे. तुम्ही फक्त बाजूला व्हा," महाजनसाहेब म्हणाले.

मी बाजूला झाले नाही. माझ्या मागे एकोणीस दिवसांचं लॉन होतं. लॉन म्हणजे केसांसारखी बारीक हिरवी पाती, आणि त्यांच्या दुप्पट उंच झालेलं तण. समोर पाठीवर पंप घेतलेला फवारणीवाला. तो एकदा महाजनसाहेबांकडे बघत होता, एकदा माझ्याकडे.

"साहेब, आज फवारलंत तर तणाच्या आधी गवत जाईल."

"दुकानवाला बोला ना, ये सिर्फ चौड़े पत्ते को मारता है. गवताला काही होत नाही."

"मोठ्या गवताला होत नाही. हे अजून तान्हं आहे. चार वेळा कापणी झाली की मग औषधाचं बघू. आणि इथे तर तेव्हाही नको."

महाजनसाहेबांनी फवारणीवाल्याला हाताने थांबवलं. "आजचा दिवस राहू द्या," ते म्हणाले. पण त्यांचं समाधान झालं नव्हतं, ते मला दिसलं.

मी पेपर मिलच्या कॉलनीत बागेची सुपरवायझर होते. नोकरीची सगळी वर्षं तिथेच गेली. रिटायर झाल्यावर बुऱ्हाणपुरात छोटी कामं घेते. हे काम मुलांच्या थेरपी सेंटरचं होतं. ज्या मुलांना चालायला शिकवावं लागतं, त्यांचं सेंटर. आधी ते बुधवारा मोहल्ल्यात दोन खोल्यांत चालायचं. मुलं फरशीवर पडायची आणि कपाळं फोडून घ्यायची. महाजनसाहेब ट्रस्टचे सेक्रेटरी, बँकेतून रिटायर झालेले. सिंधीपुरा वस्तीच्या बाहेर मोकळी जागा मिळावी म्हणून त्यांनी किती ऑफिसांच्या पायऱ्या झिजवल्या ते सगळ्यांना माहीत होतं. म्हणून मला त्यांचा राग यायचा, पण टिकायचा नाही.

लॉन हवं होतं फिजिओथेरपिस्ट नाझनीन मॅडमना. तयार गवताचे तुकडे आणून अंथरायचे नाहीत, हेही त्यांनीच सांगितलं. तुकड्यांचे सांधे सुरुवातीला उंचसखल असतात, त्यात मुलांचा पाय अडकतो. म्हणून बी पेरायचं ठरलं. हरळीचं बी. हरळी म्हणजे आपण गणपतीला वाहतो त्या दूर्वाच.

आता माझी चूक सांगते. नवीन जागेवर बी पेरायच्या आधी माती सपाट करून नुसतं पाणी द्यायचं असतं. मातीत झोपलेलं तणाचं बी त्या पाण्याने उगवतं. ते वरच्यावर खरवडून टाकायचं, पुन्हा पाणी द्यायचं, पुन्हा खरवडायचं. तीन आठवडे जातात, आणि बघणाऱ्याला वाटतं बाई काहीच करत नाही. महाजनसाहेबांनी उद्घाटनाचा प्रोग्राम ठरवून टाकला होता. "मॅडम, तीन हफ्ते सिर्फ पानी?" त्यांनी विचारलं. मी दोन दिवस वाद घातला आणि मग मान डोलावली. माती तापीकाठच्या एका पडीक शेतातून आली होती. ती बघूनच मला कळायला हवं होतं. होळीच्या आधी बी पेरलं. आठव्या दिवशी गवत उगवलं. दहाव्या दिवशी बाकी सगळं उगवलं.

त्यात घोळ होती, दुधी नावाचं तण होतं. ती उपटली की संपतात. खरे त्रासदायक दोनच. एक मोथा. वरून गवतासारखाच दिसतो, पण खाली जमिनीत गाठी असतात. वरचं पातं उपटलं की गाठ पुन्हा पातं काढते. दुसरा सराटा, ज्याला हिंदीत गोखरू म्हणतात. जमिनीला चिकटून पसरतो, पिवळं नाजूक फूल येतं, आणि फुलाच्या जागी काटेरी फळ धरतं. सायकलच्या टायरमध्ये घुसतं ते.

पंप यायच्या आधीच मी नाझनीन मॅडमना सराट्याची वेल दाखवली होती. त्यांनी हातात घेतली, उलटीपालटी करून पाहिली.

"चौधरी मॅडम, माझ्याकडे तीन मुलं अशी आहेत, त्यांना गुडघ्याच्या खाली काही समजतच नाही. ती गवतावर रांगणार. काटा घुसला तर ती रडणार पण नाहीत. आईला घरी पाय धुताना दिसेल."

"आणि औषध?"

"मुलं गवत तोंडात घालतात," एवढंच त्या म्हणाल्या.

त्यानंतर मला काही ठरवायचं उरलं नाही.

पंप थांबवला त्यानंतरच्या सोमवारी सकाळी आले तर लॉनच्या पूर्वेच्या कडेला पात्यांवर पांढुरके डाग आणि औषधाचा वास. रविवारी मी नसताना एका पट्ट्यावर फवारणी झाली होती. महाजनसाहेबांनी लपवलं नाही. "टेस्टिंग केलं, मॅडम. थोडंसंच."

मी घरी निघून जाऊ शकले असते. बॅग गाडीला अडकवलीसुद्धा होती. पण मी गेले असते तर उरलेल्या लॉनवरही पंप फिरला असता. मी बॅग काढली आणि म्हणाले, "ठीक आहे. चार दिवस या पट्ट्याला कोणी हात लावायचा नाही. बाकीचं माझं."

पाचव्या दिवशी मी त्यांना बोलावलं. पट्ट्यातलं हरळीचं पातं पातं पिवळं पडून आडवं झालं होतं. घोळ मेली होती. सराटा वाकडातिकडा झाला होता. मोथा मात्र ताठ उभा होता, कारण ते औषध मोथ्यासाठी नव्हतंच. महाजनसाहेब बराच वेळ वाकून बघत राहिले.

"मला वाटलं तुम्ही उगाच अडून बसताय," ते म्हणाले. "आता काय करायचं?"

"हातानं काढायचं. बायका लागतील. आणि पाहुण्यांचा मंडप लॉनवर नको, पार्किंगमध्ये."

"पाहुणे पार्किंगमध्ये बसतील?"

"खुर्चीचा एकेक पाय एकेक खड्डा करतो, साहेब."

दुपारी मंडपवाल्याला फोन त्यांनीच केला.

तुळसाबाई केळीच्या बागांत निंदणीला जाणाऱ्या बायकांची मुकादम. सहा जणींना घेऊन आली. लॉन बघितलं आणि म्हणाली, "ताई, हे तर वावर आहे. यात गवत कुठं?"

मी तिला पाती दाखवली. मग सांगितलं, की या गवतात पाय ठेवायचा नाही. पाती मुळासकट दबतात. लाकडी फळ्या टाकायच्या, फळीवर बसायचं आणि फळी पुढे सरकवायची. सकाळचं पाणी दिल्यावर, माती ओली असतानाच तण काढायचं. एका हाताच्या दोन बोटांनी शेजारचं गवत दाबून धरायचं आणि दुसऱ्या हाताने तण ओढायचं, नाहीतर तणाबरोबर गवतही वर येतं. सराटा मधल्या मुळातून धरून अख्खी वेल उचलायची आणि थेट गोणीत टाकायची. फूल दिसलं की ती वेल आधी.

"आणि मोथा?" मी तिलाच विचारलं.

"मोथा खणून काढाले लागते. पण इथं खणलं तं तुमचं गवत जाईन." ती थोडा विचार करून म्हणाली, "कापत राहायचा. डोकं वर काढलं की काप. गाठ खाऊन खाऊन किती खाईन? एक दिवस रिकामी होईन."

पुस्तकात हेच वेगळ्या शब्दांत लिहिलेलं असतं. पातं नसेल तर गाठीला अन्न मिळत नाही. आम्ही दर तिसऱ्या दिवशी कात्रीने मोथा जमिनीलगत कापायला लागलो.

उन्हं वाढली होती. सकाळी सहा ते दहा काम करायचं. पाण्याची पद्धतही बदलली. बी रुजेपर्यंत दिवसातून चार वेळा थोडं थोडं शिंपडत होतो. आता एक दिवसाआड, पण भरपूर. वरवर पाणी मिळालं की मुळं वरच राहतात आणि उन्हात होरपळतात. पाणी खाली गेलं की मुळंही त्याच्यामागे खाली जातात. जळालेला पट्टा खरवडला, तिथे पुन्हा बी टाकलं, चाळलेलं खत भुरभुरलं आणि ओलं गोणपाट अंथरलं.

गवत बोटाच्या दोन पेरांएवढं झाल्यावर पहिली कापणी केली. मशीनच्या पात्याला आदल्या दिवशी धार लावून आणली. बोथट पातं कोवळं गवत कापत नाही, उपटतं. वरचा फक्त तिसरा हिस्सा काढला. हरळीला वरून कापलं की ती आडवी पसरते आणि तणाला जागा राहत नाही. खरं काम तिथून सोपं झालं.

उद्घाटनाला लॉन तयार नव्हतं. पाहुणे पार्किंगमध्ये बसले. कोणीतरी विचारलं, गार्डनला दोरी का बांधली आहे? महाजनसाहेब माइकवरून म्हणाले, "वो अभी छोटा है. बड़ा हो जाए तब बुलाएँगे." लोक हसले. मी मागे उभी होते, मला हसू आलं नाही. पुढे अजून महिनाभराचं काम होतं.

तो महिना गेला. मोथ्याचं डोकं दिसेनासं झालं. लॉन डोळ्यांना स्वच्छ दिसत होतं. मी नाझनीन मॅडमना फोन लावणार, तेवढ्यात तुळसाबाई म्हणाली, "थांबा ताई. काटा डोळ्याले नही दिसत. पायाले समजते."

तिने चप्पल काढली. बाकी जणींनीही काढल्या. मी बूट-मोजे काढले. आम्ही आठ जणी हाताला हात लावून एका ओळीत उभ्या राहिलो आणि पाय घासत, न उचलता, या टोकापासून त्या टोकापर्यंत चाललो. मग आडव्या दिशेने. पहिल्या फेरीत माझ्या टाचेत एक सराटा घुसला. एकीला एक मिळाला. एक तुळसाबाईला. काढून डबीत टाकले. महाजनसाहेब कडेला उभे राहून बघत होते. दुसऱ्या फेरीला त्यांनी बूट काढले, पँट वर दुमडली आणि ओळीच्या टोकाला येऊन उभे राहिले. त्या फेरीत कोणालाच काही टोचलं नाही. त्यांनी हट्टाने तिसरी फेरी करायला लावली.

दुसऱ्या दिवशी मुलं आली. रिया नावाची सात वर्षांची मुलगी सगळ्यात आधी गवतावर उतरली, नाझनीन मॅडमचा हात धरून. चौथ्या पावलाला पडली. आम्ही सगळे जागच्या जागी थांबलो. तिने तळवे उलटून बघितले, गवतावर पुन्हा टेकवले आणि म्हणाली, "लगा नहीं." मग उठायला हात मागितला.

ते लॉन आज तिसऱ्या वर्षात आहे. पूर्वेच्या कडेला पट्टा अजून जरा विरळ दिसतो. आता कोणी लॉनसाठी बोलावलं की मी आधीच सांगते, पहिले तीन आठवडे फक्त पाणी आणि खरवडणं, हिरवं काही दिसणार नाही. काही जण म्हणतात, एवढा वेळ नाही. मी त्यांना कुंड्या घ्यायला सांगते.