दहा शिक्क्यांचं कार्ड

माझ्या हातात उकड होती. तुपाच्या बोटाने पारी केलेली, आत सारण भरलेलं, आणि मी सातव्या मोदकाच्या कळ्या पाडत होते. टोकियोजवळच्या ग्योतोकुमधला मानसीचा फ्लॅट, गणपतीचा दुसरा दिवस, स्वयंपाकघरात आणि हॉलमध्ये मिळून, मानसी आणि मी सोडून, अकरा बायका. मानसीच्या सासूबाई आतल्या खोलीतून बाहेर आल्या. आरतीच्या ताटात ठेवायला सुटं नाणं हवं म्हणून त्यांनी सुनेची पर्स उघडली होती, आणि नाण्याऐवजी एक छोटं कार्ड त्यांच्या हाती लागलं होतं. कार्डावर दहा चौकोन. दहाही चौकोनांत लाल शिक्का, आणि शिक्क्यात कोळंबी. मिशाबिशांसकट. ती ओळखायला जपानी वाचता यावं लागत नाही.

"हे काय आहे?" त्यांनी सुनेला विचारलं.

मानसीने कार्डाकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता ती हसेल आणि काहीतरी थाप मारेल. थापा मारण्यात ती हुशार होती.

"तिचं आहे, आई. माझ्याकडे राहिलं असेल," ती म्हणाली. "त्यांच्यात चालतं."

सासूबाईंनी आवाज चढवला नाही. असल्या गोष्टीला आवाज लागत नाही.

"मग तू ऊठ बाई. हात धू. राहिलेलं या बघतील."

मी उठले. हात धुतले. हेच मला अजून डाचतं. कुणी मला धरून उठवलं नव्हतं, मी आपणहून उठले, बोटांमधली उकड नखाने खरवडून काढली आणि नॅपकिन मागायचीही लाज वाटली म्हणून ओढणीला हात पुसले. सासूबाईंनी स्वयंपाकाचा चिमटा उचलला. मी केलेले सातही मोदक एकेक करून ताटातून उचलले आणि कागदी डिशमध्ये वेगळे ठेवले. अकरा बायका मूग गिळून बसल्या. त्यातल्या तिघी माझ्यासारख्याच टोकियोत बँकेच्या आयटीत काम करतात, मीटिंगमध्ये त्यांचा आवाज दारापर्यंत जातो.

माझी मुलगी, प्रज्ञा, दारात उभी राहून सगळं बघत होती. आठ वर्षांची आहे. मी मराठीत बोलते, ती जपानीत उत्तर देते. तिने एवढंच विचारलं, "नांदे?" म्हणजे का.

मी तिचे बूट शोधायला लागले.

निघताना सासूबाईंनी ती कागदी डिश फॉइल लावून पिशवीत घातली आणि माझ्या हातात दिली. मुलीला घरी दे म्हणाल्या. वर ते कार्डही ठेवलं. आणि मी काय केलं? सात वर्षं या देशात राहून अंगात मुरलेल्या सवयीने कंबरेतून वाकले आणि आभार मानले. चिमट्याने उचललेले मोदक मी वाकून घेतले.

आता त्या कार्डाबद्दल सांगते.

मानसी आणि मी दर शनिवारी सकाळी वॉर्डाच्या केंद्रात जपानीच्या वर्गाला जायचो. बारा वाजता वर्ग सुटला की स्टेशनजवळ, रुळांच्या पुलाखाली एक टपरी आहे तिथे जायचो. सहा स्टुलं आणि एक फळी. चालवणारी बाई सत्तरीची, आम्ही तिला ओबासान, म्हणजे मावशी, म्हणतो. तरुणपणी ती काही वर्षं मलेशियात पेनांगला होती, तिथून कोळंबीच्या नूडल्स शिकून आली. कोळंबीची डोकी आणि सालं भाजून, तासन् तास उकळून ती रस्सा करते. लालसर, दाट, जिभेला किंचित गोड. पहिल्या घोटाला मला माझ्या आईचं सुक्या जवळ्याचं कालवण आठवलं होतं आणि मी वाटी तोंडाला लावून सगळं संपवलं होतं.

तिथे मला मानसीने नेलं नाही, मी तिला नेलं नाही. वास आला आणि दोघी थांबलो. तिने मला विचारलं, "तुमच्यात चालतं ना? मग मला शिकव." तिच्या माहेरी आणि सासरी अंडंही शिजत नाही. मी तिला कोळंबी सोलायला शिकवली. शेपटीकडून नाही, पायांकडून सुरुवात कर, डोकं फेकू नकोस, चोख. महिन्याभरात ती माझ्या वाटीतली डोकीही मागायला लागली. तिला कुणाला कळू द्यायचं नव्हतं, म्हणून टपरीचं कार्ड, दर वाटीला एक शिक्का, दोघींत एकच, आणि मागच्या बाजूला नाव लिहायची जागा होती ती कोरीच ठेवली. हे गुपित मी जिवापाड जपलं. नवऱ्यालाही सांगितलं नाही.

'तुमच्यात' हा शब्द मला तेव्हा टोचला नाही, असं नाही. टोचला. पण मी तो गिळला. मैत्रीण मिळत होती ना. परदेशात मराठीत खळखळून हसणारं माणूस मिळणं म्हणजे काय असतं ते इथे राहिल्याशिवाय कळत नाही.

त्याच फळीवर बसून एकदा मी तिला माझी चौथीतली गोष्ट सांगितली. वर्गातल्या मैत्रिणीच्या घरी अभ्यासाला जायचे, तर माझा कप वेगळा होता. मोरीच्या कोनाड्यात पालथा घातलेला, कान तुटलेला. पिऊन झालं की मीच विसळायचा आणि मीच पालथा घालायचा. मला वाटायचं, पाहुण्यांना असंच असतं. एक दिवस दुसरी एक मुलगी आली आणि तिला फुलाफुलांच्या कपात दूध मिळालं, तेव्हा कळलं. हे मी आजवर कुणाला बोलले नव्हते. मानसीचे डोळे भरून आले होते. तिने माझा हात धरला होता.

म्हणजे तिला ठाऊक होतं. मला कुठे दुखतं ती जागा मीच तिला बोट ठेवून दाखवली होती. सासूबाईंचं मी समजू शकते, त्यांना मी कोण? पण मानसीने अडचणीत सापडल्यावर नेमका तोच कप काढला आणि माझ्यापुढे ठेवला. विश्वासघात हा शब्द मी पूर्वी सहज वापरायचे. आता वापरताना आधी तो कप आठवतो.

मोदकांची पिशवी फ्रिजमध्ये पडून राहिली. प्रज्ञाने दोनदा मागितले, मी दोनदा नाही म्हटलं, तिने दोनदा "नांदे?" विचारलं. मंगळवार हा जाळायचा कचरा उचलण्याचा दिवस. सकाळी कार्ड तेवढं काढून घेतलं आणि पिशवी खाली नेऊन ठेवली. बाहेर पडताना मोबाइल वाजला. त्या अकराजणींपैकी एकीने हसरा चेहरा आणि 'टेक केअर' पाठवलं होतं.

शनिवारी मी वर्गाला गेले नाही. प्रज्ञाला घेऊन थेट टपरीवर गेले. आमच्या वाट्या समोर आल्या तेवढ्यात मानसी आली आणि नेहमीच्या स्टुलावर बसली. काही झालंच नव्हतं अशी नाही, जरा ओशाळलेली होती. पण बसली.

ती बोलत राहिली. सासूबाई महिनाभरच आहेत, त्यांचं वय झालंय, घरात तमाशा झाला असता, नवऱ्याने बोलणं टाकलं असतं. माझी परिस्थिती समजून घे. मी प्रज्ञाची कोळंबी सोलत होते. मग ती म्हणाली, "आणि तुला काय फरक पडतो गं? तुम्ही कुठे देव मानता?"

हे वाक्य ऐकलं आणि माझ्या आतलं रडू थांबलं. खरं आहे, आम्ही मानत नाही. माझ्या घरात बुद्धाची तसबीर आहे, बाबासाहेबांची आहे. तरी मी चार वर्षं तिच्या देवासाठी उकड मळली, कारण तिचे मोदक फुटतात आणि माझे फुटत नाहीत. माझे हात चालत होते, नाव चालत नव्हतं.

मी पर्समधून कार्ड काढून तिच्यापुढे ठेवलं.

"हे तुझ्या पर्समध्ये होतं. यातले पाच शिक्के तुझे आहेत. त्या अकराजणींसमोर आणि तुझ्या सासूबाईंसमोर एवढंच सांग. मी दुसरं काही मागत नाही."

"वेडी आहेस का?" ती म्हणाली. मग कार्ड उलटसुलट करून बघितलं आणि हळूच हसली. "अगं, भरलंय हे. एक वाटी फुकट आहे. दोघींत खाऊ."

"नाही," मी म्हटलं. "आजपासून तुझ्या वाटीतली डोकी तू चोख. माझ्यातली नाही."

मी ओबासानकडे नवं कार्ड मागितलं. पेनही मागितलं.

इथे माणसाला आडनावाने हाक मारतात, ऑफिसात, शाळेत, दवाखान्यात. मी मात्र आल्या दिवसापासून सगळ्यांना पहिलं नाव सांगितलं. आडनाव अवघड आहे म्हणायचे. जपानी माणसांसाठी ते मुळीच अवघड नाही. ते इथल्या मराठी माणसांसाठी लपवलं होतं, कारण ते ऐकलं की आमची माणसं क्षणभर थांबतात आणि मग जास्तच गोड बोलतात. सात वर्षं मी हे केलं. त्या वेगळ्या कपासारखं मीच माझं आडनाव विसळून पालथं घालत होते.

कार्डाच्या मागच्या कोऱ्या जागेत मी नाव लिहिलं, आडनावासकट, आधी मराठीत, मग खाली जपानी अक्षरांत. ओबासानने चष्मा लावून वाचलं, एकेक अक्षर फोडून. मग आडनावाला आदराचा 'सान' लावून मोठ्याने हाक मारली आणि पहिला शिक्का उमटवला. सहाही स्टुलांवर ऐकू गेलं. मानसीने मान खाली घातली. मी घातली नाही.

घरी जाताना प्रज्ञाने परत विचारलं, मोदक करताना तू का उठलीस. मी पुलाखालीच थांबले आणि तिला सगळं सांगितलं. कप सांगितला, चिमटा सांगितला, जात म्हणजे काय ते सांगितलं. आणि सांगितलं की मी उठले ती माझी चूक होती. तुला कुणी ऊठ म्हणालं, तर तू आधी 'का?' विचार. उत्तर मिळेपर्यंत बसून राहा. मीही बसून राहणार आहे.